पिंजाऱ्याचा हट्ट

चिखलीच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो. हिमनदीचा धडा नेमका मार्चअखेरीस यायचा. बाहेर फरशी तापलेली, वर्गात पोरं पाटीने वारा घेतायत आणि मी फळ्यावर पांढऱ्या खडूने बर्फ काढतोय, असा तो तास. बर्फ म्हणजे आमच्याकडे लग्नसराईत अकोल्याहून भुशात बांधून येणारी लादी. ती चिखलीला पोचेपर्यंत निम्मी झालेली असायची. अशा मुलांना मी सांगायचो की कोसभर लांब बर्फ डोंगरावरून हळूहळू सरकत खाली येतो आणि त्याच्या पोटातून नदी निघते. पोरं सज्जन होती, हसायची नाहीत. पण न पाहिलेली गोष्ट ठासून सांगताना माझा आवाज उगाच चढायचा, आणि तो चढला की मला माझाच राग यायचा.

कुमाऊंच्या डोंगरात पिंडारी नावाची हिमनदी आहे, अल्मोड्याहून सात-आठ दिवस पायी गेलं की तिच्या तोंडाशी पोचता येतं, असं मी एका मासिकात वाचलं होतं. वाटेत सरकारी बंगले आहेत, जंगल राखीव आहे, साहेबलोक तिथे पायी हिंडायला जातात, असंही त्यात होतं. साहेबांना जमतं ते मला का जमू नये, असं मनाने घेतलं. माझ्या मनाने एकदा घेतलं की ते सोडवणं माझ्या आईलाही जमलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

एकट्याने जायची मात्र छाती नव्हती. मी जानेफळला घरी गेलो आणि माझ्या मित्राला विचारलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला पिंजाऱ्याचं घर होतं. त्या घरातला मुलगा आणि मी एका वयाचे. तो मुसलमान, मी भिक्षुकाच्या घरातला. चौथीपर्यंत एका पट्टीवर बसलो. नंतर मी पुढच्या शाळेत गेलो आणि त्याने बापाचं पिंजण खांद्यावर घेतलं. पिंजण म्हणजे पुरुषभर लांबीचं धनुष्य. डाव्या हाताने ते रुईच्या ढिगावर तोलून धरायचं आणि उजव्या हातातल्या लाकडी दस्त्याने तातीवर ठोके द्यायचे. तात थरथरली की दबलेली रुई सुटी होऊन उडते. त्या ठोक्याला मनगट लागतं आणि बोटांची पकड लागते. दिवाळीच्या आधीपासून संक्रांतीपर्यंत तो डोणगाव, मेहकर, जानेफळच्या गावांत दारोदार जाऊन गाद्या आणि रजया पिंजायचा. त्याच्या ठोक्यांवरून बायका घरात बसून ओळखायच्या की कोण आलंय.

आम्ही कुठेही गेलो तरी तो माझ्या दोन पावलं मागे चालायचा. रस्ता कितीही रुंद असो. लहानपणी मी चिडून विचारायचो, "पुढं काऊन येत नाही बे?"

"तू पडला तं उचलाले कोनीतरी मागं पायजे ना," तो म्हणायचा.

मी त्याला हिमनदीचं सांगितलं तेव्हा उन्हाळा होता, त्याला काम नव्हतं. त्याने एवढंच विचारलं, "थंडी लय असते काय?" लय असते म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. थंडी म्हणजे रुई, यात आम्हा दोघांनाही तिळमात्र शंका नव्हती. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला थंडीवर दुसरा इलाज ठाऊक नसतो. त्याने चार दिवस बसून दोघांसाठी दोन बंड्या शिवल्या. चांगली धुवट रुई तीनदा पिंजून आत भरली, बारीक टाक्यांनी चौकडी घातली. मी घालून पाहिली आणि जानेफळच्या त्या उन्हात दोन मिनिटांत घामाघूम झालो. तो माझ्याभोवती फिरून टाके पाहत होता.

निघताना त्याची बायको दारात आली. मी तिला भाभी म्हणायचो. ती मोजकं बोलायची. म्हणाली, "न्याले माझी ना नाही, भाऊ. पन जसा नेता तसा आनून द्या. त्याचा हात चालला तं आमची चूल चालते."

"काळजीच करू नका," मी म्हणालो. मास्तर माणूस, आश्वासन द्यायला मला कधी वेळ लागत नसे.

मलकापूरला आगगाडीत बसलो. काठगोदामला उतरलो, लॉरीने अल्मोड्याला गेलो आणि तिथून पाय. पहिले दोन दिवस हौसेत गेले, मग तळव्यांना फोड आले. चढ संपला म्हणावं तर पुढे दुसरा उभाच. सातपुड्याचा घाट चढून आलेल्या माणसाला डोंगराची जी कल्पना असते ती तिथे दुसऱ्याच दिवशी गळून पडते. माझी चिडचिड सुरू झाली. तो मागून काहीबाही बोलून मला हसवायचा. एकदा म्हणाला, "मास्तर, तुह्या पोरायले सांग, हिमनदी हाये, पन तिथवर जाऊ नका."

वाटेतल्या एका गावात आम्ही वाटाड्या घेतला. पन्नाशीचा, काटक, अंगावर घरी विणलेलं जाडभरडं लोकरीचं. त्याने माझ्या मित्राची बंडी दोन बोटांत धरून चुरगळली आणि विचारलं, "ये भीगेगी तो?"

"भीगेगी तो फिर धुन लेंगे," मित्र ऐटीत म्हणाला. पिंजाऱ्याच्या लेखी भिजलेल्या रुईचा प्रश्न तेवढाच असतो. वाळवायची आणि पुन्हा पिंजायची. त्या दिवसापासून वाटाड्या स्वतःची घोंगडी झोपताना आमच्या बाजूला ठेवायला लागला. मला त्याचा राग आला. आमच्या मालावर कुणी शंका घेतलेली मला खपत नव्हती, मग तो माल कापसाचा असो की माझ्या अकलेचा.

शेवटच्या बंगल्यात एक साहेब उतरलेला होता, म्हणून आम्हाला चौकीदाराची खोली मिळाली. पहाटे वाटाड्याने उठवलं. बंगल्यापासून मैल-दीड मैलावर बाजूच्या डोंगरातून उतरणारा एक नाला वाटेत आडवा येत होता. घोट्याएवढं पाणी, दगडांवर बर्फाची पातळ काच. आम्ही उड्या मारत पलीकडे गेलो. वाटाड्या पलीकडे उभा राहून म्हणाला, "बाबूजी, बारह बजे से पहले यहाँ वापस आना है. दोपहर में नाला चढ़ता है."

मी वर पाहिलं. आभाळ निळंशार, ढगाचा पुंजकासुद्धा नव्हता. मी पैनगंगेच्या मुलखातला. ती आमच्याच जिल्ह्याच्या डोंगरात उगम पावते. तिला पूर येणार हे वरच्या अंगाला आभाळ काळं झालं की गुराखीही सांगतो. कोरं आभाळ आणि पूर हे दोन शब्द मी कधी एकत्र ऐकले नव्हते. मी म्हणालो, "बादल तो है नहीं."

"बादल का नहीं बाबूजी, धूप का पानी है," तो म्हणाला.

याहून सोप्या शब्दांत कुणी सांगू शकलं नसतं. शिवाय ही गोष्ट मला ठाऊक होती. दरवर्षी मार्चअखेरीस मी स्वतः फळ्यावर लिहायचो: उन्हाने बर्फ वितळतो व नद्यांस पाणी वाढते. पोरांकडून पाठ करून घ्यायचो, चुकलं तर छडी मारायचो. त्या सकाळी ते वाक्य मला आठवलंसुद्धा नाही. वाटाड्या आम्हाला लवकर परतवून आपला दिवस सोपा करतोय, एवढंच मला वाटलं.

हिमनदी पाहून माझा विरस झाला, हेही लिहायला हवं. मी पांढरीशुभ्र कल्पिली होती. ती मळकी होती, वर वाळू-खडीचा थर, जागोजाग भेगा, चुलीतली राख पसरून ठेवावी तशी. तिच्या काळपट तोंडातून पाणी गडगडत बाहेर येत होतं. पांढरं होतं ते फार वर, शिखरांवर. माझा मित्र त्या शिखरांकडे पाहत म्हणाला, "कोनं पिंजून टाकली बे इतकी?" मग खाली वाकून त्याने बर्फाला हात लावला, झटकन मागे घेतला आणि म्हणाला, "ही वल्ली हाये मास्तर. हिले पिंजता येनार नाही."

मी ड्रॉइंगची वही आणली होती. मोठा तक्ता करून वर्गात लावायचा बेत होता. चित्रात माणूस असला की डोंगराची उंची कळते, म्हणून मी मित्राला बर्फाच्या कडेला उभा केला. वारा सुटला होता. बोटं गारठून रेघ वाकडी जायची, मी पुसून पुन्हा काढायचो. वाटाड्याने एकदा हाक मारली. थोड्या वेळाने पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी तो जवळ येऊन उभा राहिला. मित्र म्हणाला, "चाल बे आता, तो मानूस केव्हाचा सांगून राह्यला."

"हलू नको," मी म्हणालो. "पाय राहिले तुझे."

त्याचे पाय काढून होईपर्यंत दोन वाजून गेले.

परत आलो तर नाला ओळखू येईना. सकाळी ज्यावर उड्या मारल्या ते दगडच नव्हते. राखाडी पाणी, मांडीएवढं तरी खोल, आणि त्याच्या तळाशी दगड घरंगळत होते. त्यांचा आवाज जात्याच्या घरघरीसारखा पायांतून वर यायचा. वर आभाळ तेवढंच निळं. पलीकडे उतारावर बंगल्याच्या चौकीदाराच्या चुलीचा धूर दिसत होता.

वाटाड्या म्हणाला, आता पलीकडे जायचं नाही. या बाजूला खडकाचा आडोसा आहे, तिथे रात्र काढायची. पहाटे थंडीने पाणी उतरेल.

त्या वेळी मला भीती वाटत होती. उघड्यावर रात्र काढायची भीती होती, आणि त्याहून जास्त लाज होती, की हा माणूस सकाळपासून बरोबर होता. भ्यालेला मास्तर फार वाईट. तो भीती दाखवत नाही, शिकवायला लागतो. मी म्हणालो, "आभाळ कोरं आहे. पाणी येईल कुठून आणखी? आत्ता आहे तेवढंच. आम्ही पैनगंगेची माणसं आहोत, आम्हाला पूर कळतो." वाटाड्याने माझा दंड धरला. मी तो झटकला.

मित्र म्हणाला, "मास्तर, थांब ना बे. एका रातीनं काय होते?"

"तुला थांबायचं तर थांब," मी म्हणालो आणि पाण्यात उतरलो.

तो थांबणार नाही हे मला ठाऊक होतं. आयुष्यभर तो माझ्या मागे आलेला होता. हे ठाऊक असूनच मी ते बोललो.

चौथ्या की पाचव्या पावलाला माझा पाय निसटला. पाण्यात आदळलो तेव्हा थंडीने श्वासच बंद झाला. रुईच्या बंडीने पाणी पिऊन घेतलं आणि ती मला खाली ओढायला लागली. मग मागून कुणीतरी कॉलर धरली. त्याने डाव्या हाताने मला धरलं होतं आणि उजव्या हाताने पाण्यातल्या एका खडकाची कड. वाटाड्या काठावर पोटावर आडवा पडून घोंगडीचं टोक आमच्याकडे फेकत होता. ते टोक माझ्या हाताला लागायच्या आत वरून घरंगळत आलेला एक धोंडा त्या खडकावर आदळला. मित्र ओरडला. पण त्याने दोन्हींतला एकही हात सोडला नाही.

वाटाड्याने मला ओढून घेतलं, मग त्याला. त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं चेंगरून एक झाली होती.

ती रात्र मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की आम्ही त्याच खडकाच्या आड बसलो, जिथे बसायला मी नाही म्हणालो होतो. वाटाड्याने आमच्या दोघांच्या बंड्या अंगावरून काढून फेकल्या. पिळून पिळून पाणी संपत नव्हतं. आपली घोंगडी त्याने माझ्या मित्राला गुंडाळली आणि स्वतः नुसत्या अंगरख्यावर बसून राहिला. मित्र त्या बंड्यांकडे पाहत होता. "फेकू नोको बे," तो मला म्हणाला. "घरी गेल्यावर वाळवून पुन्हा पिंजतो."

उजाडताना पाणी घोट्याएवढं होतं.

अल्मोड्याला पोचायला सहा दिवस लागले. वाटाड्याने कितीतरी मैल त्याला पाठीवर घेतलं. तोवर बोटं काळी पडली होती. तिथल्या डॉक्टरांनी हात वाचवला, तीन बोटं काढावी लागली. अंगठा आणि करंगळी राहिली. शुद्धीवर आल्यावर त्याने हात वर धरून पाहिला, बराच वेळ पाहिला. अंगठा आणि करंगळी जवळ आणायचा प्रयत्न केला. मग हात चादरीखाली घेतला. मी शेजारी बसून रडलो. तो म्हणाला, "रडून नोको राहू. लोक पाह्यतात."

जानेफळला आधी पत्र गेलं होतं की अपघात झाला, पण दोघं येतोय. कसा झाला ते मी लिहिलं नव्हतं.

पिंडारीतून निघणारं पाणी शेवटी गंगेलाच मिळतं, हे मी पूर्वी कधी आईला सांगितलं होतं. आईच्या दृष्टीने तेवढं पुरे होतं. मुलगा हिमालयात जाऊन गंगेच्या पाण्याला लागून आला, म्हणजे ही यात्राच, आणि यात्रेहून आलेल्याचं मावंदं घातलं पाहिजे. मी नको म्हणालो, तर ती म्हणाली, तुझा जीव वाचला तो कुणाच्या पुण्याईने? मला वेशीवरच्या मारुतीपाशी थांबवलं. वाजंत्री आली. तिथून घरापर्यंत बायकांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, यात्रेकरूच्या पायांना लागायचं असतं म्हणून म्हातारी माणसंसुद्धा वाकली. ज्या पायांनी मी त्या नाल्यात उतरलो होतो, त्यांनाच लोक हात लावून तो कपाळाला लावत होते. मी पाय मागे घ्यायला पाहिजे होते. मी डोळे मिटून उभा राहिलो.

मग पंगत बसली. मित्राला आईने आग्रहाने बोलावलं होतं. तो अंगणातल्या ओट्यावर वेगळ्या पत्रावळीवर बसला, तो रिवाज होता. ज्याच्यामुळे मी पंगतीत जिवंत बसलो होतो, तो ओट्यावर डाव्या हाताने जेवत होता. भाभी फाटकापाशी बायकांत उभी होती.

यात्रेहून आलेल्याने हकीकत सांगायची असते. पंगतीतले एक वडीलधारे म्हणाले, "मास्तर, सांगा तं खरं. याच्या हाताले काय झालं?"

मी घास खाली ठेवला. सांगायचं ठरवूनच आलो होतो. वाक्य कसं सुरू करावं ते जुळवत होतो, तेवढ्यात ओट्यावरून तो बोलला.

"काय सांगू काका, माह्यीच अक्कल. मास्तर म्हनत व्हते, थांब, पानी चढलं हाये. वाटाड्याही नाही म्हने. मीच हट्टाले पेटलो. म्या म्हनलं, आभाय कोरं हाये, पानी येईन कुठून? गेलो पुढं. धोंडा हातावर बसला."

शब्द माझेच होते. त्याने ते इतके दिवस सांभाळून आणले होते.

"म्हंजे मास्तरनं वाचवलं तुले," काका म्हणाले.

"हाव. मास्तर व्हते म्हनून."

पंगतीत सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी भाभीकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मी खाली बघून घास उचलला. पुरणपोळी होती. ती मी खाल्ली.

नंतर एकटा सापडल्यावर मी त्याला विचारलं, "खोटं काऊन बोलला?"

"तू मास्तर हायेस," तो म्हणाला. "पोरं तुह्यं ऐकतात. माह्यं कोन ऐकते? माह्या नावावर खपून जाते." वर म्हणाला, "आता तू काही बोलू नोको. मी खोटा पडीन."

ही पळवाट मला त्याने दिली आणि मी ती घेतली. त्याला खोटं पाडायचं नाही, म्हणून गप्प बसायचं. किती सोयीचं होतं ते.

पिंजण भाभीने उचललं. बाईमाणसाने पिंजण खांद्यावर घेऊन दारोदार फिरायचं, यावर गावात बरंच बोललं गेलं. तो पुढे चालून गिऱ्हाईक विचारायचा, रुई उचलून द्यायचा, गादीची गुंडाळी बांधताना दातांनी दोरी ओढायचा. सुरुवातीला तिचा ठोका कच्चा होता, रुईच्या गाठी राहायच्या. एक हिवाळा आमच्या घरातल्या रजया टोचत होत्या. आई कुरकुरली. मी माझी डोक्यावरून ओढून घेतली.

हिमनदीचं चित्र मी पुरं केलं, तक्त्यावर मोठं करून वर्गात लावलं. पाहिलेली गोष्ट आता मी सांगत होतो. आवाज चढत नव्हता, तपासणीला आलेले साहेब खूश व्हायचे. चित्रात बर्फाच्या कडेला बोटभर उंचीचा माणूस उभा होता.

गावात मात्र वेगळंच रुजलं. एखादं पोर ऐकेनासं झालं की बाया म्हणायच्या, "पिंजाऱ्यावानी हट्ट करू नोको, हात जाईन." कुणाच्या मनात वाईट नव्हतं. त्याच्यादेखतही म्हणायचे आणि तो हसायचा. वर्षं गेली. पुढे ज्यांनी त्याचा अपघात ऐकलाही नव्हता, त्यांच्याही तोंडी ते बसलं. एकदा सुट्टीत मी जानेफळला घरी होतो. माझी लहान मुलगी दूध पीत नव्हती. माझी बायको आतून म्हणाली, "पिंजाऱ्यासारखा हट्ट नको."

मी चपला घालून तडक त्याच्या घरी गेलो.

तो बाजाराला गेला होता. भाभी अंगणात पिंजत होती. तिचा ठोका आता पक्का झाला होता, रुई गुडघ्याच्या उंचीपर्यंत उडत होती. मी समोरच्या दगडावर बसलो आणि सगळं सांगितलं. बंगल्यापासून, नाल्यापासून. कोरं आभाळ कोण म्हणालं, दंड कुणी झटकला, कोण पुढे होता आणि कोण मागून आला. तिने हात थांबवला नाही. माझं संपलं तेव्हा तिने दस्ता खाली ठेवला आणि केसांतली रुई काढली.

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली.

"त्यानं सांगितलं?"

"त्यानं काऊन सांगावं? पंगतीत तो म्हने, मी पुढं गेलो. भाऊ, तुमच्यापुढं तो जन्मात कधी चालला काय?"

मी विचारलं, इतकी वर्षं मग काही म्हणाल्या का नाही.

"तो चार मानसांत बोलला व्हता. नवऱ्याचं बोलनं मी खोटं पाडू? ते तुमचं काम व्हतं." तिने दस्ता पुन्हा उचलला. "अन् मले सांगून काय फायदा? मावंद्याले सारा गाव व्हता."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, ते मला येतं. मी उठलो. पुढच्या सुट्टीत सांगेन असं ठरवलं. पुढच्या सुट्टीत कुणाचं लग्न होतं, त्यानंतर माझी बदली झाली. चार माणसं जमतील असा प्रसंग दरवर्षी यायचा आणि दरवर्षी तो मला चुकीचा वाटायचा.

तो गेला तेव्हा मी बातमी कळताच निघालो, मोटारीने चिखली आणि तिथून जानेफळ. माती द्यायला वेळेवर पोचलो. जवळजवळ सगळा गाव आला होता, हिंदू-मुसलमान दोन्ही. मावंद्याच्या पंगतीत होती त्यातली बरीच माणसं होती, म्हातारी झालेली. मी तीन मुठी माती टाकली. सगळे बाजूला लिंबाखाली उभे राहिले, कुणीतरी काही बोलायचं म्हणून थांबले. माझ्याकडेही दोघा-तिघांनी पाहिलं. त्याचा सर्वांत जुना मित्र मीच होतो.

ते काकाच बोलले, काठीवर टेकून. "मानूस सोन्यासारखा. फक्त हट्टी व्हता."

सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या. बायका कब्रस्तानात येत नाहीत, त्यामुळे भाभी तिथे नव्हती.

मीही मान हलवली.